ओसरीवरची शाळा : ‘आहे’, ‘किती’ आणि एक ‘अ’

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. वयानें त्या आमच्याहून वडील आहेत. त्यांचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात, आणि पांच वर्षांचा नातू दर रविवारीं सकाळीं दूरध्वनीच्या पडद्यावर आजीला भेटतो. मुलास मराठी समजतें. परंतु उत्तर मात्र तो इंग्रजींतून देतो. दिवाळीच्या सुमारास त्यानें विचारलें, “आजी, आर देअर एनी लाडूज?” आजीबाईंनीं डबा उघडून पडद्यासमोर धरिला व मोठ्या धैर्यानें उत्तर दिलें, “येस, लाडू इज. मच लाडू इज.” नातू खदखदां हंसला.

आजीबाई लिहितात, “तो हंसला त्याचें मला कांहीं वाटलें नाहीं. पण लाडू आहेत आणि पुष्कळ आहेत, एवढें साधें सांगण्यास माझ्याजवळ शब्द नसावेत, याचें वाईट वाटलें. गुरुजी, हें ‘देअर’ काय प्रकरण आहे? लाडू डब्यांत आहेत; ‘तेथें’ कोठें आहेत?”

आमची इंग्रजी विद्या मॅट्रिकपुरती. तीही तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेच्या आधारानें मिळविलेली. बाकी सारें लक्ष संस्कृताकडे. तरी गांवोगांवच्या शाळांतून मुलांना इंग्रजीचीं पहिलीं पावलें टाकावयास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. त्या सर्व वर्षांत हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत एकाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारला नाहीं. सबब या महिन्याचा धडा आजीबाईंच्या डब्यापासूनच सुरू करूं.

प्रथम ‘आहे’ या शब्दाकडे पाहूं. मराठींत ‘पुस्तक टेबलावर आहे’ असें आपण म्हणतों, आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ असेंही म्हणतों. शब्द तेच, परंतु अर्थ एक नव्हे. पहिल्या वाक्यांत पुस्तक कोणतें हें ऐकणारास ठाऊक असतें. तें कोठें आहे एवढेंच नवें. दुसऱ्या वाक्यांत टेबल ठाऊक, आणि त्यावर कांहीं वस्तु आहे ही वार्ता नवी. मराठीचे शब्द आपापले प्रत्यय अंगावर घेऊन हिंडतात, म्हणून त्यांनीं जागा बदलली तरी कोण कोणाचा हें कळतें. आणि जागेच्या त्या अदलाबदलींतूनच आपण जुनें काय व नवें काय हें सुचवितों.

इंग्रजीस ही मोकळीक नाहीं. तिच्या वाक्यांत कर्त्याचा पाट पहिला, क्रियापदाचा दुसरा, असा पंगतीचा क्रम ठरून गेला आहे. आतां अनोळखी पाहुण्यास एकदम पहिल्या पाटावर बसविणें तिला प्रशस्त वाटत नाहीं. आणि पाट रिकामा ठेवणें तर मुळींच चालत नाहीं. मग ती काय करिते? आपल्याकडे पंगतींत जागा धरण्यासाठीं पाटावर उपरणें टाकून ठेवितात, तसा ती ‘देअर’ हा शब्द पहिल्या पाटावर टाकून ठेविते, आणि खऱ्या कर्त्यास क्रियापदाच्या मागून आणून बसविते. ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल.’ पुस्तक आधींच ठाऊक असेल तर उपरण्याची गरज नाहीं : ‘द बुक इज ऑन द टेबल.’

म्हणून आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, हा ‘देअर’ म्हणजे ‘तेथें’ नव्हेच. त्याला अर्थ नाहीं, त्याला केवळ जागा आहे. याची खूण पाहावयाची असल्यास ‘देअर इज अ वेल देअर’ हें वाक्य घ्यावें. तेथें एक विहीर आहे. यांतील शेवटचा ‘देअर’ म्हणजे खरा ‘तेथें’. तो ठसक्यानें उच्चारितात. पहिला उपरण्याचा, तो ओझरताच उच्चारितात. आणि उपरण्यास वचन नसतें. वचन पाहावयाचें तें मागून येणाऱ्या पाहुण्याचें. एक लाडू असेल तर ‘देअर इज अ लाडू’. दहा असतील तर ‘देअर आर टेन लाडूज’. डब्यांत तूप असेल तर तें मोजतां येत नाहीं म्हणून पुन्हां ‘देअर इज’. प्रश्न विचारतांना क्रियापद पुढें येतें व उपरणें एक पाऊल मागें सरतें : ‘आर देअर एनी लाडूज?’ नातवानें हेंच केलें होतें.

आमच्या संस्कृताभ्यासी वाचकांस यांत ओळखीचें कांहीं दिसेल. पंचतंत्र-हितोपदेशांतील कितीतरी कथांचा आरंभ ‘अस्ति’ या क्रियापदानें होतो. एरवीं वाक्याच्या शेवटीं बसणारें क्रियापद तेथें उठून पुढें येतें. कां, तर एखादें नगर, एखादा वृक्ष, एखादा राजा श्रोत्यांच्या पुढें प्रथमच उभा करावयाचा असतो. आपल्या घरांतील आज्या तरी काय करितात? गोष्ट सांगतांना त्यांच्या तोंडून ‘एक होता राजा’ असेंच येतें. ‘होता’ पुढें आणि राजा मागून! इंग्रज आजीही ‘वन्स देअर वॉज अ किंग’ असेंच म्हणते. तेव्हां भगिनींनीं भिऊं नये. ‘देअर इज’ची युक्ति त्यांच्या जिभेवर जन्मापासून आहे, आज तिचें केवळ दुसरें नांव कळलें.

येथें एक खड्डा आहे, तो दाखवून पुढें जाऊं. आपलें ‘आहे’ फार उदार आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘त्याला ताप आहे’ अशीं सर्व कामें तें एकटें करितें. संस्कृतांतही षष्ठी विभक्ति व ‘अस्’ धातु यांवर हें काम भागतें. इंग्रजी मात्र स्वामित्वाचें काम ‘हॅव’कडे सोंपविते. ‘टु मी टू ब्रदर्स आर’ असें लिहिणारीं मुलें आम्हीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारीत असूं : वस्तु कोठें आहे हें सांगतोस, कीं कोणाची आहे हें सांगतोस? ठिकाण सांगावयाचें तर ‘देअर इज’. धनी सांगावयाचा तर ‘हॅव’.

आतां ‘किती’कडे वळूं. हा आपला शब्दही उदार. किती माणसें, किती पाणी, किती लाडू, किती तूप. सर्वांना एकच ‘किती’. इंग्रजी स्त्रीचें कोठीघर मात्र दोन खणांचें आहे. एका खणांत मोजण्याच्या वस्तु, दुसऱ्यांत मापण्याच्या. मोजावयाच्या वस्तूंना ‘हाऊ मेनी’, मापावयाच्यांना ‘हाऊ मच’. ‘हाऊ मेनी लाडूज?’ परंतु ‘हाऊ मच घी?’ इंग्रजीस वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. पण दूध वाघिणीचें झालें तरी त्याला ‘मच’च लागतें, ‘मेनी’ लागत नाहीं!

हे खण समजण्यास कठीण नाहींत. कठीण इतकेंच कीं, त्यांची वांटणी आपल्या वांटणीशीं जुळत नाहीं. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘गहू दळले’, ‘पोहे भिजविले’ असें म्हणतों. म्हणजे धान्याचे दाणे आपण अनेकवचनांत धरितों. साखर, डाळ व मीठ हीं मात्र एकवचनी. इंग्रजींत ‘राइस’ व ‘व्हीट’ हीं दोन्ही मापाच्या खणांत पडतात : ‘देअर इज राइस इन द टिन.’ आपले केस अनेकवचनी, तर डोक्यावरचें सगळें ‘हेअर’ एकवचनी. आपले पैसे अनेकवचनी, तर ‘मनी’ एकवचनी. मात्र रुपये मोजावयाचे म्हणून ‘हाऊ मच मनी’ आणि ‘हाऊ मेनी रुपीज’ हीं दोन्ही बरोबर. आपण बातम्या ऐकतों. ‘न्यूज’च्या शेवटीं ‘ज’ ऐकूं येत असला तरी ती एकवचनीच. सल्ला, माहिती, घरांतील लांकडी सामान यांचे इंग्रजी शब्द, म्हणजे ‘अॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ व ‘फर्निचर’, हेही मापाच्याच खणांतले. मापाची वस्तु मोजावयाचीच झाली तर तिला एखाद्या भांड्यांत किंवा मापांत घालावें लागतें : ‘टू कप्स ऑफ टी’, ‘फाइव्ह किलोज ऑफ राइस’, ‘अ पीस ऑफ अॅडव्हाइस’. गृहिणींना हें सांगावयास नको. वाटी व शेर यांवाचून कोणतें स्वयंपाकघर चाललें आहे?

‘पुष्कळ’ म्हणावयाचें झाल्यास सोपी वाट अशी कीं, होकारार्थी वाक्यांत दोन्ही खणांना ‘अ लॉट ऑफ’ लावावें. ‘मच’ हा शब्द नकारांत व प्रश्नांत शोभतो. साध्या होकारांत तो अवघडून बसतो. म्हणून आजीबाईंचें शुद्ध उत्तर असें : ‘येस, देअर आर अ लॉट ऑफ लाडूज.’

नातवाच्या प्रश्नांत ‘एनी’ हा शब्द होता. ‘कांहीं’ या आपल्या शब्दाला इंग्रजींत दोन जोडीदार आहेत, ‘सम’ आणि ‘एनी’. सामान्य नियम असा कीं, होकारांत ‘सम’, व नकारांत आणि प्रश्नांत ‘एनी’. ‘देअर इज सम मिल्क.’ ‘देअर इजन्ट एनी मिल्क.’ दुधाचा अभावच सांगावयाचा तर ‘देअर इज नो मिल्क’ असेंही चालतें. परंतु ‘नॉट’ आणि ‘नो’ एकाच वाक्यांत घालूं नयेत. या नियमास एक सुंदर अपवाद आहे. पाहुण्यास चहा विचारतांना इंग्रज ‘वुड यू लाइक सम टी?’ असें म्हणतो. प्रश्न असूनही ‘सम’. कारण होकाराची अपेक्षा धरूनच तो विचारतो. आपल्याकडे ‘चहा घेणार का?’ आणि ‘चहा घेतां ना?’ यांत जें अंतर आहे तेंच हें. पहिला प्रश्न ऐकून भिडस्त पाहुणा ‘नको’ म्हणतो. दुसरा ऐकून टेंकून बसतो.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानानें १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची लहानशी इंग्रजी परकीयांकरितां सिद्ध केली. तिच्यांत वाक्य उभें करणारे म्हणून जे १०० शब्द त्यांनीं निवडिले, त्यांत ‘बी’, ‘हॅव’, ‘देअर’, ‘सम’, ‘एनी’, ‘नो’, ‘मच’ आणि ‘लिटल’ हे सर्व आहेत. आहे कीं नाहीं, आणि असल्यास किती, एवढें सांगतां आलें कीं मनुष्याचा संसार बराचसा बोलून होतो, असें यावरून दिसतें.

या यादींतील ‘लिटल’ या शब्दापाशीं आम्हांस थांबणें भाग आहे. हा धडा आम्ही दर वर्षीं वर्गांत एक संपूर्ण तास घेऊन शिकवीत असूं. कां, तें मुलांना कधीं सांगितलें नाहीं. आज सांगतों.

सन १९८३ मधली गोष्ट. आमचें वय तेव्हां तेवीस. एका खेड्यांतील शाळेंत आम्ही नुकतेच लागलों होतों. शेजारीं एक विधवा बाई राहत. आम्ही त्यांना काकू म्हणत असूं. माहेरचें म्हणून त्यांना एकच माणूस उरलें होतें, वडील भाऊ. ते नोकरीमुळें मद्रासेस स्थायिक झालेले व एकटे होते. नवरात्र बसण्याच्या दोन दिवस आधीं काकूंना मद्रासेहून पत्र आलें. भावाच्या शेजारीं राहणाऱ्या एका तामिळ गृहस्थांनीं तें इंग्रजींत लिहिलें होतें. गांवांत इंग्रजी वाचणारे आम्ही. काकू ओसरीवर येऊन बसल्या व आम्हीं पत्र वाचून दाखविलें. भाऊ इस्पितळांत आहेत, आजार पोटाचा आहे, आणि पुढें एक वाक्य : ‘द डॉक्टर्स से देअर इज लिटल होप.’

आम्हीं अर्थ सांगितला, “डॉक्टर म्हणतात, थोडी आशा आहे.”

काकूंनीं तेथूनच देवघराकडे हात जोडले. घरीं देवीचे घट बसावयाचे, अखंड दिवा तेवत ठेवावयाचा, दुसरें माणूस नाहीं. आशा आहे म्हणतात, तर दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं दुसऱ्या दिवशीं निघूं, असें त्यांनीं ठरविलें. आम्हींच त्यांना गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या. नऊ दिवस त्यांनीं भावासाठीं देवीपुढें दिवा राखिला. त्या मद्रासेस पोहोंचल्या तेव्हां भावास जाऊन पांच दिवस झाले होते.

त्या वेळीं आम्हांस कांहींच उमगलें नाहीं. दैव, असें आम्ही म्हणालों, काकूही म्हणाल्या. पुढें चार महिन्यांनीं भावाच्या पैशांच्या कामासाठीं त्या सर्व कागद घेऊन आल्या. त्यांत तें पत्रही होतें. तें पुन्हां वाचतांना आमची नजर त्या वाक्यावर गेली, आणि ‘लिटल’च्या मागें ‘अ’ नाहीं हें आम्हांस दिसलें. ‘अ लिटल होप’ म्हणजे थोडीशी आशा आहे. नुसतें ‘लिटल होप’ म्हणजे आशा अशी जवळजवळ नाहींच. त्या गृहस्थांनीं ‘लवकर निघा’ हेंच लिहिलें होतें. आम्हीं ‘बसून राहा’ असें वाचून दाखविलें.

खेद याचा वाटतो कीं, हें ज्ञान आमच्या पदरांत अगदींच नव्हतें असें नाहीं. संस्कृत वैयाकरणांनीं नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. अल्पतेचें त्यांचें उदाहरण ‘अनुदरा’ कन्या. तिला उदर नाहीं असें नव्हे, तर कंबर बारीक आहे. नकार व अल्पता हीं एकाच घरांत राहतात हें आम्हीं पाठशाळेंत घोकून ठेविलें होतें. पण तेंच इंग्रजी वेष घालून समोर आलें तेव्हां आम्हीं ओळखिलें नाहीं. त्यांतून गंमत अशी, आणि ही गंमत आम्हांस फार महाग पडली, कीं संस्कृतांत मागें ‘अ’ लागला म्हणजे असलेलें नाहींसें होतें. धर्माचा अधर्म होतो. इंग्रजींत ‘लिटल’च्या मागें ‘अ’ लागला म्हणजे नाहींसें होऊं पाहणारें ‘आहे’ होतें.

मोजण्याच्या खणांत हाच न्याय ‘फ्यू’ला. ‘अ फ्यू फ्रेंड्स केम’ म्हणजे कांहीं मित्र आले, बरें वाटलें. ‘फ्यू फ्रेंड्स केम’ म्हणजे मित्र फारसे आलेच नाहींत. दोन्ही वेळीं आलेले तिघेच असूं शकतील. आंकडा बदलत नाहीं, बोलणाराचें मन बदलतें. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ असें वाचल्यास मात्र ‘बरेचसे’ असें समजावें. मराठींत हें काम आपण एका अक्षरावर भागवितों. ‘थोडीशी आशा आहे’ यांतील ‘शी’ धीर देतो. ‘आशा थोडीच आहे’ यांतील ‘च’ धीर काढून घेतो. आम्हीं त्या दिवशीं ‘शी’ही म्हटला नाहीं आणि ‘च’ही म्हटला नाहीं. नुसतें ‘थोडी’ म्हटलें, आणि काकूंनीं त्यांतून आपल्याला हवें तें घेतलें. कोणीही तेंच घेतलें असतें.

त्यांना आम्हीं हें कधीं सांगितलें नाहीं. कागद वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “तुम्हीं आशा आहे म्हणून वाचलेंत, त्यावर मीं नऊ दिवस काढले हो. नाहीं तर तो दिवा माझ्या हातून राहिला नसता.” त्यांचें तें समाधान मोडावें कीं राखावें, हें आम्हांस ठरवितां येईना. आज सांगूं, उद्यां सांगूं म्हणतां म्हणतां आमची बदली झाली. आणि १९९६ सालीं काकू वारल्याचें कळलें तेव्हां ठरविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. त्यानंतर कोणाचेंही पत्र वाचून दाखवितांना आम्ही तें आधीं मनांत दोनदां वाचतों, आणि संशय असल्यास ‘नीट समजलें नाहीं, दुसऱ्यास विचारूं’ असें स्पष्ट सांगतों. त्या दिवशीं तेवढें म्हणावयास लाज वाटली होती, एवढाच आमचा अपराध; परंतु तो लहान नव्हे.

आतां आजीबाईंकडे परत जाऊं. घरांतील मुलांनीं या महिन्यांत कोठीघरांत जाऊन दहा डबे उघडावेत, आणि प्रत्येकावर ‘देअर इज’ किंवा ‘देअर आर’ यानें आरंभ होणारें एक एक वाक्य वहींत लिहावें. रिकाम्या डब्यावर ‘नो’ घालून लिहावें. आईनें अगर आजीनें तें तपासावें. तपासतांना तपासणाराचाही धडा होतो, हा आमचा अनुभव आहे.

आणि भगिनींना खास सूचना. पुढच्या रविवारीं डब्यांत दोनतीनच लाडू उरले असले, तरी नातवानें विचारल्यास ‘देअर आर अ फ्यू’ असें म्हणावें. तो ‘अ’ विसरूं नये. लाडू त्याच्यापर्यंत पोहोंचावयाचे नाहींत, हें त्यालाही ठाऊक आहे. पण आजीच्या डब्यांत आपल्यासाठीं कांहीं शिल्लक आहे एवढें त्याला कळलें पाहिजे.

पुढील महिन्यांत ‘द’ या शब्दाचा विचार करूं.